गाळ ओव्हनमध्ये टाकण्यापूर्वी

ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेला उतरलात आणि हातभर पीव्हीसी पाइप चिखलात खुपसलात, तर वर येणाऱ्या गाळाला दोन रंग दिसतात. वरचा पातळ थर तपकिरी, आणि त्याखाली काळाकुट्ट गाळ, सडक्या अंड्यांच्या वासाचा. हा काळा गाळ पिशवीत भरून लॅबच्या टेबलावर तसाच ठेवून बघा. पिशवीत जिथे हवेचा बुडबुडा राहिलाय, तिथे थोड्या वेळात तपकिरी कड धरायला लागते. तोच गाळ रात्रभर ओव्हनमध्ये टाकला, तर सकाळी सगळा राखाडी-तपकिरी झालेला असतो. वासही गेलेला असतो.

रंग आणि वास दोन्ही बदलले याचा अर्थ आत काहीतरी रासायनिक घडलं. तुम्ही धातू मोजणार असाल तर हे 'काहीतरी' तुमच्या आकड्यांत येणार. पण ते नेहमी येत नाही आणि सगळ्या आकड्यांत सारखंही येत नाही. गोंधळ होतो तो इथेच.

माझा गोंधळ आधी सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मी खाडीतले १८ नमुने आणले आणि लॅबमध्ये भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या कागदावर लिहिलं होतं तसे १०५ अंशांना रात्रभर वाळवले. कुटले, चाळले, बाटल्यांत भरले. मग त्यांच्यावर टप्प्याटप्प्याचं एक्स्ट्रॅक्शन केलं. पहिल्याच टप्प्यात भरपूर जस्त निघालं आणि मी प्रगती अहवालात थाटात लिहिलं की इथलं जस्त सैल बांधलेलं आहे, सहज पाण्यात उतरू शकतं. सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला : "गाळ वाळवला कसा?" मी उत्तर दिलं. ते फक्त "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ कळायला मला दोन आठवडे लागले.

तुम्ही नेमकं काय मोजताय, ते आधी ठरवा.

'गाळातलं जस्त' या दोन शब्दांत किमान दोन वेगळे प्रश्न लपलेले आहेत. एक, या गाळात एकूण जस्त किती? दोन, त्यातलं किती कशाला बांधलेलं आहे, म्हणजे किती सुटू शकतं? पहिल्या प्रश्नासाठी तुम्ही गाळ कडक आम्लांत पचवता. खनिजांच्या जाळीतलंसुद्धा सगळं हवं असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. नुसत्या अ‍ॅक्वा रेजियात सिलिकेटं पूर्ण विरघळत नाहीत, म्हणून त्या आकड्याला 'एकूण' न म्हणता 'अ‍ॅक्वा रेजियात निघालेलं' म्हणावं. पण वाळवल्यामुळे जस्त कुठे उडून जात नाही. सल्फाइडमधून ऑक्साइडवर गेलं तरी ते बाटलीतच असतं, आणि पचवल्यावर सगळं मोजलं जातं. म्हणून जस्त, तांबं, निकेल, शिसं यांच्या एकूण प्रमाणासाठी १०५ अंशांचा ओव्हन बहुतेक वेळा चालून जातो. (पाऱ्याचं मात्र तसं नाही, त्याकडे येतोच.)

दुसऱ्या प्रश्नाला ओव्हन अजिबात चालत नाही. कारण जी गोष्ट मोजायची आहे तीच तो बदलतो.

खाडीच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्याचं सल्फाइड करतात. सल्फाइड लोहाला धरतं, त्यातून आयर्न मोनोसल्फाइड बनतं आणि गाळाला काळा रंग येतो. जस्त, कॅडमियम, शिसं, तांबं या धातूंची सल्फाइडशी लोहापेक्षाही घट्ट जोडी जमते. ते लोहाला बाजूला सारून स्वतः सल्फाइड बनतात आणि गाळात अडकून पडतात. आता हवा लागली. मोनोसल्फाइडचं ऑक्सिडेशन फार भराभर होतं, त्याला दिवस लागत नाहीत, काही तासच पुरतात. सल्फाइडचं सल्फेट होतं, लोहाचं गंजासारखं तपकिरी हायड्रॉक्साइड होतं, थोडं आम्लही तयार होतं. सल्फाइडला धरून बसलेल्या धातूंची जागा गेली. त्यातले काही नव्या लोह-हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटतात, तर काही कार्बोनेटवर किंवा नुसते सैल राहतात.

याच्यावर तुम्ही बीसीआर पद्धतीचं एक्स्ट्रॅक्शन केलंत तर काय होईल? पहिल्या टप्प्यात ०.११ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल सैल बांधलेलं काढतं. दुसऱ्यात हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड लोह-मँगनीजच्या ऑक्साइडवरचं काढतं. तिसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियम अ‍ॅसिटेट सेंद्रिय द्रव्य नि सल्फाइडमधलं काढतात. ओल्या ताज्या गाळात जे जस्त तिसऱ्या टप्प्यात निघालं असतं, ते वाळवलेल्या गाळात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात निघतं. चारही टप्प्यांची बेरीज तीच राहते. म्हणजे तुमचा हिशेब जुळतो, टक्केवारी शंभरच्या आसपास येते, आणि निष्कर्ष मात्र चुकलेला असतो. माझं 'सैल' जस्त खाडीत सैल नव्हतंच, ते मी ओव्हनमध्ये सैल केलं होतं.

हे काही नवं नाही. टेसिए आणि सहकाऱ्यांची टप्प्यांची मूळ पद्धत १९७९ सालची. त्याच गटाने १९८६ मध्ये नमुना साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या. त्यांना दिसलं ते असं : कुठलीच पद्धत मूळची विभागणी जशीच्या तशी टिकवत नाही. गोठवणं किंवा थोडा काळ ओलाच थंड ठेवणं त्यातल्या त्यात बरं, आणि वाळवणं टाळावं. पद्धत ज्यांनी दिली त्यांनीच सात वर्षांनी तिच्या मर्यादाही लिहून ठेवल्या. आपण मात्र १९७९ चा पेपर उद्धृत करतो आणि १९८६ चा वाचतच नाही. मीही वाचला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "पण मी सीआरएम लावला होता, रिकव्हरी छान आली." माझीही आली होती. प्रमाणित संदर्भ पदार्थ हा प्रकार उपयोगी आहे, पण तो काय तपासतो ते बघा. बीसीआर-७०१ हा इटलीतल्या ओर्ता सरोवराचा गाळ आहे. तो बाटलीत येतो तेव्हा आधीच वाळवलेला, दळलेला, एकजीव केलेला असतो. तुम्ही बाटली उघडल्यानंतर जे करता, म्हणजे वजन, आम्ल, हलवणं, गाळणं, उपकरण, ते बरोबर आहे का एवढंच तो सांगतो. तुमचा नमुना खाडीतून बाटलीपर्यंत आला त्या प्रवासात सीआरएम सोबत नव्हता. त्यामुळे त्या प्रवासात झालेली चूक त्याला दिसणं शक्यच नाही. व्हायवामध्ये "क्वालिटी कंट्रोल काय केलं?" या प्रश्नाला सीआरएमचा तक्ता दाखवून सुटता येतं. खरं तर तिथून सुटायला नको.

ठरावीक वेळा ही चूक उलट बाजूने पैशांत मोजली जाते. गाळ जलचरांना घातक आहे का, हे बघायला एव्हीएस नावाचं माप वापरतात. थंड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जे सल्फाइड वायू होऊन निघतं ते एव्हीएस, आणि त्याच वेळी जे धातू सुटतात त्यांची मोलमधली बेरीज. सल्फाइड धातूंपेक्षा जास्त असेल तर धातू बांधलेले आहेत असं मानतात. डि टोरो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॅडमियमवर हे दाखवलं. आता नमुन्याला हवा लागू दिली तर सल्फाइड गेलं आणि धातू तेवढेच राहिले. निरुपद्रवी गाळ कागदावर घातक ठरतो. त्यावरून कुणी तो उपसायचा निर्णय घेतला, तर जो गाळ खाली शांत पडून होता तो वर आणून खरंच हवेत पसरला जाईल.

आणि इथे एक गंमत आहे. समजा तुमचा प्रश्नच असा आहे : बंदराजवळचा गाळ उपसून किनाऱ्यावर टाकला, उन्हात वाळला, वर पाऊस पडला, तर त्यातून काय बाहेर येईल? मग वाळवलेला नमुना हाच बरोबर नमुना आहे आणि ओला नमुना दिशाभूल करेल. त्यामुळे 'वाळवणं वाईट' असं पाठ करू नका. नमुन्याचं तुम्ही जे केलंत ते प्रश्नातल्या गाळाचं प्रत्यक्षात होणार आहे का, ते विचारा.

निसर्ग स्वतःही हा प्रयोग करतो. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि त्यातून इताई-इताई हा आजार झाला. त्यानंतरच्या संशोधनातून कळलं की खाचरात पाणी साचलेलं असतं तोवर कॅडमियम बरंचसं सल्फाइड होऊन अडकतं. लोंबी धरण्याच्या सुमारास पाणी काढून जमीन सुकवली की सुटतं आणि दाण्यात जातं. म्हणून अशा जमिनीत त्या आठवड्यांत पाणी टिकवायला सांगतात. (आर्सेनिकचं नेमकं उलटं. पाणी साचलं की ते सुटतं.) म्हणजे भातखाचराची माती ओली घेतली की सुकलेली, यावर तुमचं उत्तर ठरतं. कोकणातल्या खाचरांवर काम करणार असाल तर नमुना पिकाच्या कुठल्या अवस्थेत घेतला, ते तारखेइतकंच ठळक लिहा.

आता मातीकडे. शेतातल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी आपल्याकडे सगळीकडे डीटीपीए चाचणी होते, १९७८ ची लिंडसे आणि नॉर्व्हेल यांची. १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, सामू ७.३, दोन तास हलवणं. ही चाचणी फार नाजूक आहे. माती किती बारीक कुटली, किती जोराने हलवली, ओव्हनमध्ये किती तापवली, यावर आकडा हलतो. साध्या जिरायती मातीला ओव्हनची उष्णता लागली की लोह आणि मँगनीज वाढून येतात. पाण्यातून काढलेली खाचराची माती वाळवली की त्यातलं विद्राव्य फेरस लोह ऑक्सिडाइझ होऊन कमी येतं. म्हणूनच माती परीक्षणाच्या सूचनेत 'सावलीत वाळवा' असतं. आपण ते वाचतो आणि पावसाळ्यात माती सुकेना म्हणून ओव्हन लावतो.

पण डीटीपीएचा खरा शत्रू दुसराच आहे. आकडेमोड करून बघा. डीटीपीए जस्ताची आपल्याकडे वापरली जाणारी मर्यादा ०.६ मिलीग्रॅम प्रति किलो. त्याखाली जमिनीत जस्ताची कमतरता मानतात. म्हणजे तुमच्या १० ग्रॅम मातीत मर्यादेवर असलेलं जस्त ६ मायक्रोग्रॅम. आता माती गोळा केली ती जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यात किंवा बादलीत. मुलाम्याचा ०.०१ मिलीग्रॅमचा कण, जो डोळ्याला दिसणारसुद्धा नाही, तो पडला. १० मायक्रोग्रॅम जस्त. तो सगळा विरघळला तर ०.६ चे १.६ झाले. कमतरता असलेलं शेत कागदावर सुदृढ झालं आणि शेतकऱ्याला झिंक सल्फेट टाकायची गरज नाही असं सांगितलं गेलं. मृदा आरोग्य पत्रिकेवर जस्ताचा जो आकडा छापून येतो, तो या घमेल्यापासून सुरू होतो. म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकची खुरपी, प्लास्टिकचं टब, आणि स्टेनलेस स्टील वापरलंच तर गंज नसलेलं.

हीच यादी लॅबमध्ये पुढे चालते. पितळी चाळणी तांबं आणि जस्त देते, म्हणून नायलॉनची घ्या. लोखंडी खल लोह-मँगनीज देतो. दळायच्या यंत्राची स्टीलची वाटी क्रोमियम-निकेलही देऊ शकते. टंगस्टन कार्बाइडची वाटी टंगस्टन आणि कोबाल्ट देते, त्यामुळे कोबाल्ट मोजणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावं. अ‍ॅगेटचा खल सगळ्यात सुरक्षित, आणि विभागात तो एकच असतो आणि कुणाच्या तरी कपाटात असतो. रबरी हातमोज्यांत झिंक ऑक्साइड असतं. रंगीत पिपेट टिपांतून कॅडमियम आल्याची उदाहरणं आहेत. क्लेअर पॅटरसन यांना १९५० च्या दशकात पृथ्वीचं वय काढण्यासाठी शिसं मोजायचं होतं. आकडे जुळेनात, कारण शिसं हवेतून, काचेतून, आम्लातून, सगळीकडून येत होतं. ते वय त्यांनी १९५६ मध्ये छापलं, पण त्याआधी त्यांना लॅब धुऊन काढावी लागली. आपल्याला तेवढं स्वच्छ व्हायची गरज नाही. पण एक रिकामी बाटली शेतापर्यंत नेऊन, उघडून, बंद करून परत आणायची आणि तिच्यावर बाकी सगळं तसंच करायचं, एवढं तर जमेल. फील्ड ब्लँक म्हणतात तो हाच.

खाडीवाल्यांसाठी एक वेगळीच गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती : मीठ. गाळातलं पाणी उडतं, पाण्यातलं मीठ उडत नाही. १०० ग्रॅम ओल्या गाळात ६० ग्रॅम पाणी असेल आणि त्याची क्षारता ३० च्या आसपास असेल, तर वाळल्यावर उरलेल्या ४० ग्रॅममध्ये साधारण १.८ ग्रॅम नुसतं मीठ असतं. म्हणजे साडेचार टक्के. तुमचे सगळे धातू तेवढे पातळ दिसणार. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, उन्हाळ्यात खारं. मग 'उन्हाळ्यात धातू थोडे कमी' असा निष्कर्ष काढलात तर त्यात मिठाचा वाटा किती? मीठ धुऊन काढायचा मोह होतो, पण धुतानाच सैल धातू पाण्याबरोबर जातात. पाण्याचं प्रमाण आणि क्षारता मोजून गणिताने दुरुस्ती करणं बरं.

तसंच कणांचं. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून ६३ मायक्रॉनखालचा भाग घेऊन तुलना करतात. पण चिकणमाती वाळली की ढेकळं होतात. ती कोरडी चाळलीत तर बारीक कण ढेकळात अडकून चाळणीवर राहतात. कुटून चाळलीत तर वाळूही बारीक होऊन खाली येते. ओलं चाळायचं तर पाणी कुठलं वापरलं ते लिहा. अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढणं हा दुसरा मार्ग, पण त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम पूर्ण विरघळायला हवं, म्हणजे पुन्हा हायड्रोफ्लोरिक आम्ल.

पारा. तो उडतो. १०५ अंशांवर वाळवलेल्या नमुन्यातल्या पाऱ्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. फ्रीझ-ड्रायर असेल तर तो, नसेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, किंवा ओलाच पचवा आणि ओलावा वेगळ्या भागावर मोजा. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या पद्धतींत बाकी धातूंना सहा महिने साठवायची मुभा आहे, पाऱ्याला २८ दिवसांची.

एक प्रश्न मला ज्युनिअर नेहमी विचारतात : आयसीपी-एमएस मिळालं तर आकडे सुधारतील ना? हिशेब करू. समजा एकाच जागेवर मीटरभर अंतराने घेतलेल्या नमुन्यांत २५ टक्के फरक आहे आणि उपकरणाची चूक ३ टक्के. दोन्ही मिळून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे २५.२ टक्के. उपकरण सुधारून १ टक्क्यावर आणलं तर २५.०. पैसे आणि स्लॉटसाठीची तीन महिन्यांची वाट, कशासाठी? तोच वेळ एका जागी एकाऐवजी चार नमुने घेण्यात घाला. आणि बाटलीतून अर्धा ग्रॅम काढताना वरवरचा चमचा मारू नका. बाटली हलली की जड-मोठे कण वेगळे होतात. कागदावर ढीग करून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन घेऊन, पुन्हा तेच.

आता मी खाडीवर जातो तेव्हा काय करतो ते सांगतो. पाइपची दोन्ही टोकं वर आल्या आल्या बुचाने बंद. ज्या भागावर एक्स्ट्रॅक्शन करायचं तो तिथेच जाड पिशवीत, काठोकाठ, हवा दाबून काढून, पिशवीत पिशवी. साध्या पॉलिथिनमधून प्राणवायू हळूहळू आत जातो, त्यामुळे बर्फाच्या पेटीतसुद्धा ती दिवसभराची सोय, महिन्याची नाही. त्याच दिवशी लॅब, त्याच रात्री गोठवणं. एक्स्ट्रॅक्शनच्या दिवशी नायट्रोजन भरलेल्या पिशवीत वितळवून ओलाच वजन करतो, आणि शेजारचा एक तुकडा १०५ अंशांना, फक्त ओलावा काढायला. ओव्हनचा तेवढाच उपयोग उरलाय. याची किंमतही आहे : ओल्या गाळाचं वजन डगमगतं, पुनरावृत्ती वाळवलेल्याइतकी सुबक येत नाही, आणि इतरांच्या वाळवलेल्या गाळावरच्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही. मी दोन्ही प्रकारे केलेले काही नमुने ठेवतो, म्हणजे फरक किती तो माझ्याच गाळावर दाखवता येतो.

त्या पहिल्या १८ नमुन्यांचं एकूण धातूंचं प्रकरण प्रबंधात राहिलं, ते ठीक होतं. टप्प्यांचा तक्ता काढून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच १८ ठिकाणी परत गेलो, दोन ठिकाणी तिवरं वाढून वाट बंद झाली होती, म्हणून १६. भिंतीवरचा तो जुना कागद अजून तिथेच आहे. त्याखाली मी पेनाने एक ओळ लिहून ठेवली आहे : 'फक्त एकूण धातूंसाठी. पारा सोडून.'